मालमोटारीचे मागील ब्रेक चिकटतात तेव्हा

देशाचा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे रस्ते नागपुरात एकमेकांना मिळतात. दीर्घकाळ ते राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आणि ६ या नावांनी परिचित होते. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ते मुख्यतः ४४ आणि ५३ या क्रमांकांनी ओळखले जातात. कोळसा, संत्री, सिमेंट, धान्य आणि कापूस यांची वाहतूक करणाऱ्या मालमोटारी रात्रंदिवस या रस्त्यांवरून धावतात. वाडीसारख्या उपनगरात तर मालवाहतूक हाच अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा आधार आहे.

या रस्त्यांच्या कडेला एक दृश्य, विशेषतः उन्हाळ्यात, वारंवार दिसते. भरलेली मालमोटार उभी आहे, मागच्या चाकातून जळकट वास येत आहे, क्लीनर डबड्याने चाकावर पाणी ओतत आहे आणि चालक गाडीखाली शिरून पान्याने ब्रेक ढिला करीत आहे. दहा मिनिटांत गाडी पुन्हा मार्गस्थ होते. दोष दूर झाला असे चालकास वाटते. वस्तुतः दोष जेथे होता तेथेच राहिलेला असतो आणि त्यात दुसऱ्या एका दोषाची भर पडलेली असते: त्या चाकाचा ब्रेक आता गरजेच्या वेळी पुरेसा लागणार नाही.

हा विषय केवळ वाहतूक व्यावसायिकांचा नव्हे. टंचाईच्या काळात गावोगावी पाणी पोहोचविणारे टँकर, ग्रामपंचायतीची घंटागाडी, शाळेची बस आणि शासकीय खात्यांची मालवाहू वाहने यांनाही हेच ब्रेक असतात. या वाहनांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांनी स्वतः पाना हाती घेण्याचे कारण नाही. परंतु दोष कसा उद्भवतो आणि तो कोणत्या क्रमाने शोधावा हे त्यांना ठाऊक असेल, तर दुरुस्ती झाली की दोष झाकला गेला, हे त्यांना ओळखता येईल.

लावण्यास हवा, सोडण्यास केवळ स्प्रिंग

मालमोटारीच्या चाकाबरोबर बिडाचा एक जड ड्रम फिरत असतो. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात आणि त्यांवर घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, बसविलेले असते. शू बाहेरच्या बाजूस रेटले गेले की लायनर ड्रमवर दाबले जाते आणि चाकाची गती मंदावते. ड्रम ब्रेकच्या आधुनिक रचनेचे श्रेय सामान्यतः फ्रेंच मोटार उत्पादक लुई रेनो यांच्या १९०२ मधील कामास दिले जाते. पुढे साहित्य आणि सामर्थ्य यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु मूळ तत्त्व आजही तेच आहे.

जड मालमोटारीत शू रेटण्याचे काम दाबाखालील हवा करते. इंजिनावरील कॉम्प्रेसर टाकीत सुमारे ७ ते ८ बार दाबाची हवा भरतो. मोटारगाडीच्या टायरमधील दाबाच्या तुलनेत हा दाब तिपटीहून अधिक असतो. चालकाने पायपट्टी दाबली की ही हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि तेथील पडदा पुशरॉडला पुढे ढकलतो. पुशरॉड स्लॅक अ‍ॅडजस्टर नावाचा दांडा फिरवितो. त्या दांड्याबरोबर इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा कॅम फिरतो आणि दोन्ही शू फाकतात.

ब्रेक सोडण्याची क्रिया मात्र निराळी आहे. पायपट्टीवरून पाय उचलताच चेंबरमधील हवा व्हॉल्व्हवाटे बाहेर पडते. त्यानंतर चेंबरमधील स्प्रिंग पुशरॉडला मागे आणते आणि ड्रममधील स्प्रिंग शूंना एकमेकांकडे ओढते. येथे हवेचे साहाय्य अजिबात नसते. सर्व भिस्त स्प्रिंगांवर असते.

ब्रेक चिकटण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विषमतेत आहे. कॅमची बुश गंजली, ग्रीस वाळून घट्ट झाले किंवा शूची पिन जाम झाली, तरी हवेचे प्रचंड बळ त्या अडथळ्यावर मात करून ब्रेक लावते. चालकास पायाखाली काहीच वावगे जाणवत नाही. पण परतीच्या वेळी दुबळ्या स्प्रिंगला तोच अडथळा पार करता येत नाही, आणि लायनर ड्रमला घासत राहते. म्हणून ‘ब्रेक उत्तम लागतो’ हे विधान ब्रेक निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही. तो तितक्याच तत्परतेने सुटतो काय, हेही पाहावे लागते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. १६ टन वजनाची मालमोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्णपणे थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात सुमारे ७ लिटर सामान्य तापमानाचे पाणी उकळीपर्यंत तापेल. ही उष्णता सर्व चाकांत विभागली जाते आणि पुढे ब्रेक लागेपर्यंत ड्रमला निवण्यास अवसर मिळतो.

चिकटलेल्या ब्रेकला हा अवसरच मिळत नाही. एखाद्या चाकाच्या घासण्यामुळे गाडीस केवळ ५० किलोग्रॅम भाराइतका विरोध होत आहे असे मानले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगात त्या एका चाकात ८ किलोवॅटहून अधिक उष्णता सतत निर्माण होते. एक हजार वॅटच्या आठ विजेच्या शेगड्या चाकाच्या आत अखंड पेटत्या ठेवाव्यात, तसा हा प्रकार होय. ही उष्णता अखेर डिझेलमधूनच येते. एवढ्या विरोधासाठी तासाला सुमारे दोन लिटर डिझेल वाया जाते. वाहन अकस्मात अधिक इंधन पिऊ लागल्यास ब्रेक तपासणे अगत्याचे आहे ते यामुळेच.

इंधनाची हानी ही त्यातल्या त्यात सौम्य हानी म्हणावी लागेल. ड्रमची उष्णता हबकडे जाते, तेथील ग्रीस पातळ होऊन वाहू लागते आणि तेलाची सील निकामी होते. तेल लायनरवर आले की तोच ब्रेक निसटू लागतो. म्हणजे आज चिकटणारा ब्रेक उद्या न लागणारा ब्रेक होतो. स्प्रिंग तापून तिचा ताण जातो आणि चिकटणे आणखी वाढते. अखेरीस रिम व टायर तापतात. नागपूरच्या मे महिन्यात, हवेचे तापमान ४५ अंशांच्या घरात असताना, टायर फुटण्याची किंवा पेट घेण्याची शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नसते.

ढिले करण्यातील धोका

रस्त्याच्या कडेला स्लॅक अ‍ॅडजस्टर मागे फिरविल्याने नेमके काय होते? शू आणि ड्रम यांतील अंतर वाढते व घासणे तात्पुरते थांबते. परंतु गंजलेली बुश गंजलेलीच राहते. वाढलेले अंतर भरून काढण्यासाठी पुशरॉडला आता अधिक सरकावे लागते. लायनर आणि ड्रम यांतील अंतर अर्धा मिलिमीटर वाढले तरी पुशरॉडची वाटचाल त्याच्या कित्येक पटींनी वाढते, आणि चेंबरमधील जागा तर मर्यादितच असते.

सपाट रस्त्यावर ही उणीव लक्षात येत नाही. ती घाटात लक्षात येते. जबलपूरकडून नागपूरला येणारी वाहने सातपुड्याच्या कुरई घाटातून खाली उतरतात. १६ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा आवरावी लागते ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून सात वेळा थांबण्याइतकी असते. त्यातला जो भाग इंजिन आवरीत नाही तो ब्रेकवर पडतो. अशा वेळी ड्रम तापून प्रसरण पावतो. सुमारे ४१ सेंटिमीटर व्यासाच्या बिडाच्या ड्रमचे तापमान २०० अंशांनी वाढले, तर त्याचा व्यास जवळजवळ एक मिलिमीटरने वाढतो. आधीच ढिला केलेला ब्रेक या प्रसरणानंतर ड्रमपर्यंत पुरेशा जोराने पोहोचतच नाही. पायपट्टी खाली जाते, हवा चेंबरमध्ये भरते, पण चाक आवरत नाही. त्या चाकाचा वाटा उरलेल्या चाकांवर पडतो आणि मग तीही प्रमाणाबाहेर तापतात.

याच नियमाची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. ड्रम गरम असताना कोणी ब्रेक कसून बसविला, तर ड्रम निवल्यावर आकुंचन पावतो आणि ब्रेक चिकटतो. म्हणून ब्रेकचे समायोजन नेहमी ड्रम थंड असतानाच करावयाचे असते. संध्याकाळी लांबच्या फेरीवरून आलेली गाडी लगेच ‘ब्रेक टाईट’ करून घेण्याची घाई दुसऱ्या दिवशी सकाळी अशा रीतीने भोवते.

पहिला प्रश्न : एक चाक, एक अ‍ॅक्सल की सर्व चाके?

निदानाची सुरुवात सुटे भाग उघडून होत नाही. ती तुलनेने होते. फारसा ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून ती सपाट जागी उभी करावी आणि सर्व चाकांच्या उष्णतेची तुलना करावी. ड्रमला हात लावू नये. तळहाताची मागची बाजू काही अंतरावर धरली तरी फरक कळतो. कार्यशाळांत वापरला जाणारा इन्फ्रारेड तापमापक असल्यास उत्तम. कोविडच्या काळात शाळा-कार्यालयांत घेतलेली शरीराचे तापमान मोजणारी उपकरणे मात्र या कामास उपयोगी नाहीत, कारण त्यांची मर्यादा फार कमी असते.

एकच चाक तापले असेल तर दोष त्या चाकात किंवा त्याच्या चेंबरमध्ये शोधावा. मागील अ‍ॅक्सलची दोन्ही बाजूंची चाके सारखीच तापली असतील, तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी गंज चढला असे मानण्यापेक्षा त्या दोहोंस समाईक असलेल्या भागाकडे वळणे सयुक्तिक ठरते. हा समाईक भाग म्हणजे हवा सोडणारा रिले व्हॉल्व्ह किंवा पार्किंग ब्रेकची व्यवस्था. पुढची-मागची सर्वच चाके तापत असतील, तर पायपट्टीखालचा मुख्य व्हॉल्व्ह पाहावा. पायपट्टीस आवश्यक ती मोकळीक नसणे, तिच्या बिजागरीत माती साचणे किंवा खालची रबरी चटई तिच्याखाली अडकणे, अशी अगदी साधी कारणेही आढळतात.

पार्किंग ब्रेकविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी रेल्वेसाठी हवेचा ब्रेक आणला. पुढे त्यांनी त्यात अशी सुधारणा केली की, नळी तुटून हवा गेली तर ब्रेक आपोआप लागावा. आजच्या मालमोटारींच्या मागील चाकांवरील स्प्रिंग ब्रेक याच विचारावर आधारलेला आहे. त्यात एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला दाबून धरतो. साधारणतः ५ ते ६ बारच्या आसपास दाब असेल तरच ही स्प्रिंग पूर्णपणे मागे राहते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. सकाळी टाकी भरण्यापूर्वीच गाडी हलविली, किंवा एखाद्या सांध्यातून हवा गळत असली, तर मागील ब्रेक अर्धवट लागलेल्या स्थितीत गाडी धावत राहते. दाबदर्शकाकडे पाहण्याची दोन मिनिटांची सवय येथे पुष्कळ खर्च वाचविते.

दुसरा प्रश्न : हवा अडली की लोखंड अडले?

एका चाकाचा किंवा एका अ‍ॅक्सलचा दोष निश्चित झाल्यावर गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. पार्किंग ब्रेक सोडावयाचा असल्यामुळे ही दक्षता अपरिहार्य आहे. मागील चाक जॅकने उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. टाकीत पूर्ण दाब ठेवून चाक हाताने फिरवून पाहावे.

त्यानंतर एकाने पायपट्टी दाबून सोडावी आणि दुसऱ्याने बाहेरून पुशरॉडचे निरीक्षण करावे. हवा एका झटक्यात बाहेर पडल्याचा आवाज आला पाहिजे आणि पुशरॉड पूर्णपणे मागे गेला पाहिजे. आवाज लांबत असेल किंवा येतच नसेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी माती, तेलाचा चिकट थर किंवा एखाद्या कीटकाचे घरटे असण्याचा संभव असतो. टाकीतील पाणी नियमितपणे काढले नाही, तर तेल व पाण्याचा चिखल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो.

पुशरॉड मागे आलेला नसेल, तर चेंबरकडे येणारी, पायब्रेकची हवा आणणारी नळी तज्ज्ञ कारागिराने सावकाश ढिली करावी. तेथून अडकलेली हवा सुटली आणि चाक मोकळे झाले, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा नळीत आहे. हवा आली नाही आणि पुशरॉडही हलला नाही, तर पुशरॉड आणि स्लॅक अ‍ॅडजस्टर यांना जोडणारी पिन काढावी. पिन काढताच पुशरॉड मागे गेला, पण चाक जडच राहिले, तर अडथळा कॅम किंवा शू यांत आहे. चाक मोकळे झाले आणि पुशरॉड मात्र बाहेरच राहिला, तर चेंबरची स्प्रिंग किंवा पार्किंग ब्रेकचा कप्पा दोषी आहे. अशा रीतीने एकही ड्रम न उघडता दोषाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

येथे एक इशारा देणे क्रमप्राप्त आहे. स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरमध्ये शेकडो किलोग्रॅम भाराची स्प्रिंग दाबून बसविलेली असते. त्याची पट्टी उघडल्यास ती तोफगोळ्यासारखी उसळते आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. हा चेंबर रस्त्यावर किंवा साध्या गॅरेजमध्ये कदापि उघडू नये. ती स्प्रिंग यांत्रिक बोल्टने मागे बांधून ठेवल्यास त्या चाकाचा पार्किंग ब्रेक निकामी होतो. ही सोय गाडी बाजूला नेण्यापुरती आहे, माल वाहण्यासाठी नव्हे.

तिसरा प्रश्न : चाकाच्या आत काय परतले नाही?

ड्रम उतरविल्यावर कारागिराने केवळ लायनरची जाडी पाहून थांबू नये. शू कोणामुळे परत आले नाहीत, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला पाहिजे. कॅमचा दांडा हाताने सहज फिरतो काय? त्याच्या बुशमध्ये ग्रीस पोहोचते काय? कॅमवरील रोलर गोल आहेत की एका बाजूने झिजून सपाट झाले आहेत? शूच्या पिना मोकळ्या आहेत काय? स्प्रिंग निळसर पडली आहे काय? निळसर छटा ही ती प्रमाणाबाहेर तापल्याची खूण होय, आणि अशी स्प्रिंग धुऊन परत बसविणे ही काटकसर नव्हे.

लायनरचा तुकडा सुटून मध्ये अडकणे, नवे लायनर प्रमाणापेक्षा जाड असणे, ड्रम लंबगोल होणे किंवा हबची बेअरिंग सैल होऊन ड्रम तिरका फिरणे, हीही कारणे संभवतात. शेवटच्या प्रकारात नवे लायनर कितीही वेळा घातले तरी तक्रार कायम राहते, कारण दोष ब्रेकचा नसून बेअरिंगचा असतो.

विदर्भातील काळी कपाशीची माती या बाबतीत विशेष त्रासदायक ठरते. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या वाहनांच्या मागील चाकांत ही चिकण माती शिरते आणि उन्हात वाळून घट्ट बसते. ती काढण्यासाठी जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली की मातीबरोबर बुशमधील ग्रीसही निघून जाते. त्यामुळे चिखलातील फेऱ्यांनंतर गाडी धुण्याइतकेच पुन्हा ग्रीस भरणेही आवश्यक असते. ड्रममधील धूळ मात्र हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसांस अत्यंत घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

लहान वाहनांचे ब्रेक

घंटागाड्या, छोटे टेम्पो आणि हलक्या मालमोटारी यांच्या मागील ड्रमना बहुधा हवेऐवजी ब्रेक ऑइलचा दाब चालवितो. रचना भिन्न असली तरी प्रश्न तोच असतो: पाय उचलल्यावर परत काय आले नाही?

तपास येथेही सोपा आहे. तापलेल्या चाकाचा हवा काढण्याचा नट किंचित उघडावा. ऑइल जोराने बाहेर आले आणि चाक लगेच मोकळे झाले, तर दाब वरच्या बाजूस अडकलेला आहे. मास्टर सिलिंडरचे परतीचे सूक्ष्म छिद्र बंद असणे, पायपट्टीस मोकळीक नसणे किंवा रबरी नळी आतून फुगणे ही त्याची नेहमीची कारणे होत. आतून फुगलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते. पायाच्या जोराने ऑइल तिच्यातून पुढे जाते, पण परत येत नाही. नट उघडूनही चाक मोकळे झाले नाही, तर चाकातील सिलिंडरचा दट्ट्या गंजला आहे किंवा हातब्रेकची तार आपल्या नळीत अडकली आहे असे समजावे. मागील चाकांच्या बाबतीत या तारेचा विसर नेहमी पडतो. काम संपल्यावर नट घट्ट करून प्रणालीतील हवा काढावी आणि ऑइलची पातळी पुरी करावी.

ब्रेक ऑइल संपले म्हणून त्याऐवजी इंजिन ऑइल घालण्याचा प्रकार तर अक्षम्य मानला पाहिजे. खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी वॉशर फुगतात आणि एकाच वेळी सर्व चाके चिकटू शकतात. असे घडल्यास केवळ ऑइल बदलून भागत नाही; सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

रस्त्यात ब्रेक तापल्यास

धावत्या गाडीत जळका वास आला, गाडी ओढत नाही असे वाटले किंवा आरशात चाकातून धूर दिसला, तर वस्ती, गवत आणि पेट्रोल पंप यांपासून दूर गाडी उभी करावी. तापलेल्या ड्रमवर पार्किंग ब्रेक लावून ठेवू नये, तर चाकांना ठोकळे लावावेत. लालबुंद ड्रमवर थंड पाणी ओतल्यास बीड तडकते, म्हणून त्यास आपोआप निवू द्यावे. टायर तापला असल्यास त्याच्या समोर उभे राहू नये. टायरने पेट घेतलाच, तर माणसांना दूर करून अग्निशमन दलास बोलवावे, कारण विझलेला टायर आतून धुमसत राहून पुन्हा पेटतो.

गाडी नजीकच्या कार्यशाळेत नेण्यासाठी ब्रेक ढिला करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर माल उतरवून, घाट टाळून आणि मंद वेगाने तेवढेच अंतर कापावे. शिवाय तशी लेखी नोंद गाडीच्या नोंदवहीत करावी. नोंद नसली की दुसऱ्या पाळीचा चालक तीच गाडी निःशंक मनाने घाटात नेतो.

देखरेख करणाऱ्यांचा वाटा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते आणि असुरक्षित स्थितीतील वाहन वापरणे हा कलम १९० नुसार अपराध आहे. परंतु प्रमाणपत्र ही एका दिवसाच्या तपासणीची साक्ष असते. कॅमची बुश वर्षातील उरलेल्या दिवसांतही गंजतच असते. महाराष्ट्रात शालेय बसविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावयास हवी. या समितीने कागदपत्रांबरोबरच बसच्या ब्रेकची नोंदवहीही पाहावयास मागितली, तर समितीचे काम खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.

यासाठी मनुष्यबळही जवळच उपलब्ध आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार यांत्रिकी आणि डिझेल यांत्रिकी या व्यवसायांचे शिक्षण मिळते. नागपूरजवळ हिंगणा येथे राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी आणि चिकलठाणा येथील कार्यशाळांप्रमाणेच तिनेही ठरावीक अंतरानंतर वाहनाची तपासणी करण्याची शिस्त अनेक कारागिरांच्या अंगी बाणविली आहे. ही शिस्त ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका टँकरलाही लागू करता येते. महिन्यातून एकदा मागील चाके उचलून ती हाताने फिरवून पाहणे, रोज टाकीतील पाणी काढणे आणि फेरीनंतर डाव्या-उजव्या चाकांच्या उष्णतेची तुलना करणे, यास खर्च जवळजवळ येत नाही.

चालकाने ‘ब्रेक चिकटतो’ अशी तक्रार केली, तर तीस कामचुकारपणा समजण्याचा मोह टाळावा. टंचाईत एक फेरी चुकली तर गावाची गैरसोय होते हे खरे. परंतु टँकर उतारावर आवरला गेला नाही, तर त्या गैरसोयीची भरपाई कोणत्याही पुढच्या फेरीने होत नाही. दुरुस्तीचे देयक समोर आल्यावर देखरेख करणाऱ्याने एवढेच विचारावे : परत काय येत नव्हते, आणि ते आता येते काय? ‘ब्रेक ढिला करून दिला’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. बुश बदलली, व्हॉल्व्ह साफ केला, स्प्रिंग नवी घातली आणि चाक हाताने मोकळे फिरते हे पाहिले, असे उत्तर मिळेल तेव्हाच गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी.